गुंतवळाचा गिलावा

३ तारीख, सोमवार

स्वस्ति श्री! अखिलभित्तिमंडलाधीश्वर, चतुष्कक्षनायक, ओलदमनधुरंधर, पोपडासुरमर्दन, थापीदंडधारक, अष्टाविंशतिवर्षपर्यंत परक्यांच्या ऱ्हस्वदीर्घांचे निष्काम संगोपन केलेले सेवानिवृत्त मुख्य मुद्रितशोधक, विरलकेश, विपुलोदर, गुडघेदुखीसमलंकृत आम्ही, आज प्रातःकाळी साडेदहाच्या सुमारास दोन ट्रंका, एक गादी, एक स्टोव्ह आणि लांब दांड्याचा पाठ घासण्याचा ब्रश अशा चतुरंग सेनेसह या गृहात प्रवेश करते झालो. स्वागतास कोणीही नव्हते. टेम्पोवाल्याने गादी व्हरांड्यात आपटली, पायरी सुटलेली आहे, जपून चढा काका, एवढा आशीर्वाद दिला आणि तो अंतर्धान पावला.

ब्रशाविषयी दोन शब्द लिहिणे क्रमप्राप्त आहे. आमच्या पृष्ठभागाच्या मध्यभागी, दोन खवाट्यांच्या दरम्यान, तळहाताएवढा एक प्रदेश असा आहे की जेथे आमचे हात वरूनही पोहोचत नाहीत आणि खालूनही नाहीत. एरवी तेथील राज्यकारभार सौभाग्यवती पाहते. गेले चार महिने ती तिच्या भावाकडे आहे आणि तिच्या अनुपस्थितीत हा ब्रशच तेथील कारभारी आहे.

घर ऐंशी वर्षांचे असावे. चार खोल्या, उंच छत, मागे राहिलेले जुने पलंग, कपाट, टेबल, खुर्ची, भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कट्ट्यावर माणूस मांडी घालून बसेल. हवा कोरडी, मोहल्ला शांत, समोर शिंप्याचे दुकान, त्याच्या यंत्राची घरघर दिवसभर सोबतीला. मला घर आवडले. एकाच खोलीत, म्हणजे शयनगृहात, उत्तरेची भिंत आजारी आहे. छातीच्या उंचीपर्यंत गिलावा फुगलेला, मध्येच पोपडे, कोपऱ्यात हिरवट काळसर ओघळ. हात लावला तर बोटांना बुळबुळीत, किंचित कोमट असे काही लागले. साबणाने दोनदा हात धुतले. वास गेला नाही.

भिंतीचे महत्त्व असे. हिची फुप्फुसे चार महिन्यांपूर्वीच्या लांबलेल्या तापाने निकामी होता होता राहिली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे की हिला ओल धरलेल्या खोलीत झोपवायचे असेल तर सरळ परत माझ्याकडेच आणून सोडा. २४ तारखेला मेहुणे तिला घेऊन येणार. ते भिंतीला हात लावून पाहणार, आणि हात ओला झाला तर तिला त्याच पावली परत नेणार, हे त्यांनी मला फोनवर तीनदा बजावले. चार महिने मी एकट्याने जेवतो आहे. पाचवा महिना मला नको आहे.

४ तारीख, मंगळवार

आज गवंडी आला. साठीचा, वाळलेला, बोलण्यात काटकसरी. मी त्याला तत्काळ भित्तिवैद्य ही पदवी बहाल केली. त्याने ती न स्वीकारता चहा स्वीकारला.

त्याची परीक्षापद्धती पाहून मात्र मी खरोखर भारावलो. हातोडी नाही, यंत्र नाही. कान भिंतीजवळ नेऊन तो मधल्या बोटाच्या पेराने टकटक करीत जातो. जेथे गिलावा भिंतीला धरून आहे तेथे आवाज टणक येतो. जेथे त्याने भिंत सोडली आहे तेथे बद्द येतो, पोकळ, रिकाम्या डब्यासारखा. बद्द आवाज आला की तो खडूने भोवती वर्तुळ काढतो. वर्तुळातले तेवढे छिन्नीने उडवायचे, बाकीच्याला हात लावायचा नाही. अठ्ठावीस वर्षे मीही चुकीभोवती वर्तुळेच काढत होतो. मी त्याला म्हणालो की आपण समव्यवसायी आहोत. तो म्हणाला असाल, पण जरा बाजूला उभे राहा, उजेड अडतोय.

अकरा वर्तुळे निघाली. सर्वांत मोठे पलंगाच्या उशाशी.

दुपारी छिन्नी चालली. पहिला पोपडा सुटला. गिलाव्याच्या मागच्या बाजूला केस होते. एकदोन नव्हेत, झुबके. ओले, चिकट, लालसर, चुन्यात रुतलेले, मोरीच्या जाळीत अडकतात तसे. त्यांच्यातून एक गोगलगाय आपले चकचकीत अंग ओढत बाहेर आली. न धुतलेल्या फणीचा वास खोलीभर पसरला. मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो आणि समोरच्या शिंप्याकडे पाहून उगाचच हात हलवला.

५ तारीख, बुधवार

गवंड्याने आज माझे शंकानिरसन केले. जुन्या काळी चुन्याच्या गिलाव्यात केस घालीतच. नुसता चुना वाळताना तडकतो. केस त्याला आतून धरून ठेवतात. ही भिंत चुन्याची आहे, तिच्यावर सिमेंट थापले तर ती गुदमरेल आणि दोन वर्षांत सगळे सोडून देईल. तेव्हा चुनाच, आणि केसही. शेळीचे. कातडी कमावतात तिथून आणायचे, उकळायचे, धुवायचे, मग कालवायचे.

मी थट्टेने विचारले की माझे चालतील का, फार नाहीत, पण प्रामाणिक आहेत. तो हसला नाही. म्हणाला, जित्या माणसाचा केस भिंतीत घालायचा नसतो, साहेब. त्याच्या वडिलांनी त्याला थापी हातात देताना सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी ही एक. कारण विचारले तर म्हणाला की ज्याचा केस, त्याच्याशी भिंत सोयरीक करते. उरलेल्या दोन गोष्टी विचारल्या, तर एक होती की वाळू चाळून घ्यायची, आणि दुसरी की मालकाशी वाद घालायचा नाही. तिसरी तो माझ्या बाबतीत आता पाळीत आहे असे मला वाटले.

जाताना भिंत धुण्यासाठी त्याने आमचा लांब दांड्याचा ब्रश मागून नेला. उद्या आणतो म्हणाला.

८ तारीख, शनिवार

गवंड्याची दाढ काढली. गाल पावासारखा सुजला आहे, असा त्याच्या सुनेचा निरोप. मंगळवारपर्यंत येणार नाही. शेळीचे केसही आले नाहीत. कारखाना बंद आहे म्हणे. चुना भिजवून मुरत पडला आहे, भिंत अकरा ठिकाणी उघडी आहे, आणि दोन्ही थर वाळायला मिळून पंधरा दिवस लागतात. मी कागदावर गणित मांडले. २४ तारीख कोणत्याही मार्गाने जमत नाही.

मेहुण्यांचा फोन आला. भिंत कुठवर आली असे विचारले. मी म्हणालो, जवळजवळ झालीच. मग फोनवर ही आली. दोन वाक्यांनंतर तिला धाप लागते. तिने एवढेच विचारले की माझा डबा आणलात ना.

तो डबा ट्रंकेत आहे. बिस्किटांचा, पत्र्याचा. तापात हिचे केस मुठीमुठीने गेले. फणीतले गुंतवळ ती रोज गुंडाळून त्या डब्यात ठेवी. पुढे त्याचे गंगावन करून घेणार होती. मी डबा उघडून पाहिला. काळेभोर, लांब, तेलाचा वास असलेले, उंदरांसारखे गुंडाळून निजलेले गोळे.

वास्तविक हे काही जित्या माणसाचे केस नव्हेत. गळालेलेच आहेत. अशी आमच्या बुद्धीने व्यवस्था दिली, आणि बुद्धीची व्यवस्था आम्ही नेहमीच शिरोधार्य मानतो.

९ तारीख, रविवार

भित्तिवैद्याच्या गैरहजेरीत आम्ही स्वतःच शल्यकर्म आरंभिले. गुंतवळाचे कात्रीने वीतवीतभर तुकडे कापले, चुनावाळूत कालवले. कालवताना केस बोटांभोवती, नखांखाली, अंगठीखाली शिरत. ओल्या चुन्यात ते एखाद्या सरबरीत मांसातल्या शिरांसारखे दिसत. तरी अकराही जागा भरल्या. पलंगाच्या उशाशी सर्वांत जाड. थापीने दाबले की भिंतीतून हलकेच चुळूक असा आवाज येई, ओठ चाटल्यासारखा. हवा अडकली असेल.

तिला नवे गंगावन विकत आणून देईन. कळणारही नाही.

११ तारीख, मंगळवार

गवंडी आला. भिंत पाहून चकित झाला. केस कुठून आणलेत म्हणाला. मी कारखान्याच्या एका काल्पनिक ओळखीचे तपशीलवार वर्णन केले. त्याने एक केस ओढून उजेडात धरला, माझ्याकडे पाहिले, आणि आपल्या वडिलांची तिसरी गोष्ट पाळली. वरचा थर देऊन तो गेला. सकाळसंध्याकाळ पाणी मारा, भिंत मागेल तेवढे द्या, असे बजावले.

ब्रश आणायचा विसरला.

१४ तारीख, शुक्रवार

भिंत फार पिते. पहिल्या दिवशी दोन तांबे, आज दोन बादल्या. खाली एक थेंब ओघळत नाही.

पृष्ठभाग आता पांढरा राहिलेला नाही. किंचित गुलाबीसर, तकतकीत, जखम भरून आल्यावर नवी कातडी येते तसा. पलंगाच्या उशाशी फोड आला आहे, लिंबाएवढा. अंगठ्याने दाबला तर आतले हलले.

आणि केस बाहेर येऊ लागले आहेत. मी वीतभर कापले होते. बाहेर आलेला एकेक हातभर आहे.

१५ तारीख, शनिवार

सकाळी दहा वाजता स्वतःचा वस्तरा घेऊन मी भिंतीची दाढी केली. हे वाक्य लिहिताना हसू येईल असे वाटले होते. साबणाचा फेस लावला, वरून खाली पाते ओढले. पात्याखाली जे लागत होते ते चुन्यासारखे नव्हते. ते दबत होते. प्रत्येक केसाच्या मुळाशी लाल टिपका उरला. पाते धुतले तर पाणी तांबूस झाले.

मग फोड सुईने फोडला. पिवळे, दाट, नासलेल्या दुधाच्या वासाचे पाणी मनगटापर्यंत आले. ज्या फडक्याने पुसले ते जाळले. तरी बोटे नाकाशी नेण्याचा मोह आवरेना.

संध्याकाळी मेहुण्यांचा फोन. सकाळी दहाच्या सुमारास हिच्या डोक्यावर सुया टोचल्यासारखे लाल ठिपके उमटले, उशीच्या अभ्र्याला रक्त लागले. थोड्या वेळाने टाळूवर एक गळू होते ते आपोआप फुटले. डॉक्टरांना काही उमगत नाही. मेहुणे म्हणाले, तुम्ही तिथे नुसते भिंती रंगवत बसा.

मी फोन ठेवला आणि वस्तरा ट्रंकेच्या तळाशी टाकला.

१७ तारीख, सोमवार

प्रयोग केला. करायला नको होता. काल दिवसभर भिंतीला पाणी दिले नाही. आज सकाळी तिला बारीक तडे गेले, कोरड्या ओठांना जातात तसे, आणि तड्यांच्या कडा आत ओढल्या आणि सुटल्या, ओढल्या आणि सुटल्या.

फोन मीच केला. काल दुपारपासून ती पाणी पाणी करते आहे, तांब्यामागून तांब्या, ओठ फाटलेत, श्वास छातीत मावत नाही. आज दवाखान्यात नेणार आहेत.

मी बादल्या ओतल्या. सहा. भिंतीला तोंड लावून—नाही, कान लावून ऐकले. ती धापा टाकत होती. हिचीच धाप. दोन वाक्यांनंतर लागते तीच.

पुन्हा फोन केला. आता बरं वाटतंय म्हणाली, आत्ताच एकदम. तुमचा आवाज ऐकून असेल.

१८ तारीख, मंगळवार

गवंड्याच्या घरी जाऊन सर्व कबूल केले. तो खाटेवर बसून ऐकत होता. मध्ये एकदाही मान हलवली नाही. मग माझ्याबरोबर आला, भिंतीवर बोट ठेवले आणि झटक्याने काढून सदऱ्याला पुसले.

उखडून टाकू का, असे मी विचारले. तो म्हणाला, बाईंना उखडायचंय का तुम्हाला?

मग म्हणाला की एकच उपाय आहे. वर दुसरा थर द्यायचा, दुसऱ्याच्या केसांचा. वरचा थर ज्याचा, भिंत त्याची. खालच्या थरातला माणूस सुटा होतो. पण तो थर वाळेपर्यंतच नव्हे, कायमचा सांभाळावा लागतो. आणि तो देणारा दुसरा कोण, हे तुमचं तुम्ही बघा साहेब, मला सून आहे, नातवंडं आहेत.

मजुरी घेतली नाही. ब्रशाची आठवण करावी तोवर तो पायऱ्या उतरून गेलाही होता.

१९ तारीख, बुधवार

मुंडन केले. डोके, दाढी, छाती, दंड. विरलकेश म्हणून स्वतःची पुष्कळ थट्टा केली आयुष्यभर. आज प्रथमच तुटवडा जाणवला. भुवयाही काढल्या. सगळे मिळून एक वाटी. करडे, आखूड, चुन्यात पडल्यावर माशीच्या पायांसारखे.

थर दिला. थापी फिरवताना भिंत शहारली. माझ्याही अंगावर काटा आला, त्याच जागी, त्याच क्रमाने, उजवीकडून डावीकडे.

२० तारीख, गुरुवार

ही स्वतः फोनवर आली. सलग बोलली. दवाखान्यातला जिना चढून गेली, मध्ये न थांबता. मेहुण्यांशी भांडली. सोमवारी येतेच म्हणाली, आणि मला म्हणाली की तुमचा आवाज का असा खरखरीत, तुम्हीच आजारी पडलात की काय, पंडित.

पंडित हे तिने मला ठेवलेले नाव.

मी रडलो. गालावरून जे आले ते पांढरे होते. वाळल्यावर त्याची खपली निघाली.

२१ तारीख, शुक्रवार

तहान. पण मी प्यायलो तर भागत नाही. भिंतीवर ओतले की भागते.

अंगाचा कोंडा पडतो. अंथरूण झाडले तर खाली पिठासारखा ढीग. झाडूने भरला. सुपलीत पाहिले तर त्यात चाळलेली वाळूही होती.

भिंतीवर करडे खुंट वर आले आहेत. वीस एक जागी मुरूम. माझ्या खांद्यावर आहेत तसेच, तेवढेच. एक पिचकला. कुठला, ते सांगत नाही.

२२ तारीख, शनिवार

अंघोळ करताना सहज, सवयीने, मधल्या बोटाच्या पेराने छातीवर टकटक केली.

उजवीकडे टणक.

डावीकडे बद्द.

२३ तारीख, रविवार

गुडघे वळत नाहीत. खुर्चीत बसलो की बसलोच. घसा—बोलायला गेलो तर नुसती भुकटी, टेबलावर पडते. हाताने लिहितो आहे, बोटांची पेरे तेवढी अजून ओली आहेत.

भिंत मात्र कोरडी आहे. बाहेरून अगदी कोरडी. मेहुणे हात लावून पाहोत.

२४ तारीख, सोमवार

आली!

स्वतःची पेटी स्वतः उचलून. गालांवर रंग, डोक्यावर बोटभर नवे, दाट, काळे केस. सुटलेल्या पायरीवरून उडी मारून वर आली. मेहुण्यांनी नाक मुरडत भिंतीला हात लावला, हात पाहिला, कोरडा आहे, ठीक म्हणाले, आणि परतही गेले. जिंकलो. एवढे लिहितो.

माझ्याकडे पाहून आधी किंचाळली. मग भुवया कुठे टाकल्यात म्हणून हसली. मग शयनगृहात गेली आणि तोंडाला पदर लावून बाहेर आली. शी! काय ती भिंत! केसाळ, पुटकुळ्या आलेली, डुकराच्या पाठीसारखी. मी नाही हो त्या खोलीत झोपणार, म्हणाली. अख्खी उखडून टाकूया. समोरच्या शिंप्याने कोणी गवंडी सांगितला, उद्याच बोलावला आहे. तुम्ही नका काळजी करू, तुम्ही आता नुसते बसा, एवढे केलेत माझ्यासाठी.

आवाज फुटेना. ही वही तिच्या हातात दिली. वाच, अशी खूण केली. वाच.

तिने पहिले पान उघडले. अखिलभित्तिमंडलाधीश्वर. पोपडासुरमर्दन. पोट धरधरून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, मध्ये एकदाही धाप न लागता. लग्नाच्या मंडपातही माझ्या बाबांना तुम्ही अशीच अकरा विशेषणं ऐकवली होतीत, म्हणाली. आजारी बायकोला हसवायला एवढं लिहिलंत! बाकीचं निवांत वाचते हं, आधी स्वयंपाकाचं बघू दे.

वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली. मग माझ्या कपाळावर हात ठेवला, आणि काढला, आणि सहज साडीला पुसला.

२५ तारीख, सव्वानऊ

नवा गवंडी आला आहे. तरुण, गाणे गुणगुणतो. मला धूळ लागू नये म्हणून तिने मधले दार ओढून घेतले, आणि त्याच्यासाठी चहा टाकायला गेली. स्टोव्हचा आवाज येतो आहे. तिची बांगडी. तिचा श्वास येत नाही ऐकू. निरोगी माणसाचा येत नाही.

टकटक. बरगड्यांत—

उठता येत नाही. खुर्चीचा हात धरला तर हाताचा पोपडा—

टकटक. टकटक. आता मागे. पाठीत. खवाट्यांच्या मध्ये. तिथे त्याने जरा थांबून पुन्हा वाजवले.

बद्द.

खडू. गार. सावकाश, गोल. शेवटाला नीट जुळवला. चांगला कारागीर आहे.

खुर्चीतच अर्धवट वळून शेजारच्या कपाटाच्या आरशात सदरा वर करून पाहिले. आहे. पांढरे. तळहाताएवढे. हात पोहोचत नाही—वरून नाही, खालूनही—

तेवढे पुसले तर. पुसायलाच हवे. नुसते पाण्याने—तो छिन्नी शोधतो आहे, पिशवीत लोखंड वाजते आहे—आणि खाज, काय विलक्षण खाज सुटली आहे नेमकी तिथेच—वीस दिवस झाले, उद्या आणतो म्हणाला होता, इतका साधा लांब दांड्याचा ब्रश, माणसाने नेलेली वस्तू वेळेवर परत—